ब्रेकबाईंचे एकवीस दिवस

ब्रेकबाईंना वयाच्या बाविसाव्या वर्षापर्यंत गाडी लागायची. साधीसुधी नाही, चांगली सणसणीत. चौकापर्यंत जायचं असलं तरी हातात पिशवी. अशा बाईने पुढे अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांना गाडी चालवायला शिकवली. जी गोष्ट आपल्याला सोसत नाही तिच्याच छाताडावर बसणारी काही माणसं असतात, त्यातल्या त्या एक.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये त्या लागल्या कारकून म्हणून. अर्ज भरायचे, फोटो डकवायचे, शिकणाऱ्यांच्या वेळा वहीत मांडायच्या. थोरल्या मालकांच्या एकदा लक्षात आलं की ही मुलगी गाडीत मागे बसली की हिरवी पडते, पुढे बसली की पिवळी, आणि स्टिअरिंगवर बसवली की ठणठणीत. "हिला पोटाचा विकार नाही, दुसऱ्याच्या हाती जीव न देण्याचा विकार आहे," असं निदान करून त्यांनी तिला शिकवण्याच्या कामावर घेतलं. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. तो पायाखाली आला आणि बाईंची मळमळ जन्माची गेली.

त्यानंतर त्यांचा पाय गावभर गाजला. शिकणारा झोपेत असो, प्रेमात असो की फोनवर, बाईंचा पाय जागा. त्यांनी एकदा एका पोस्टमनला वाचवलं, आणि दोन वर्षांनी त्याच पोस्टमनला पुन्हा वाचवलं. तो तेव्हापासून त्यांची पत्रं घरपोच आणण्याऐवजी लांबूनच फेकायचा. नवीन माणूस गाडीत बसला की बाई त्याला पहिल्याच दिवशी सांगत, "चालवणारे तुम्ही, थांबवणारी मी. हे डोक्यात ठेवा म्हणजे दोघांनाही त्रास नाही." आणि संध्याकाळी गाडी लावली की आज किती जणांना वाचवलं ते मोजून सांगत. स्कूलच्या भिंतीवर रंगाऱ्याकडून लिहून घेतलेली पाटी होती: 'अपघात शून्य'. शून्याला बाई दर वर्षी स्वतः नवा रंग द्यायच्या.

घरी सोफ्यावर बसल्या तरी पाय तयारीत. नवऱ्याने पाहुण्यांसमोर आपल्या मुतखड्याची हकीकत काढायला नुसतं तोंड उघडलं की बाईंचा पाय जमिनीत रुतायचा. नवरा थांबत नसे, ती गोष्ट वेगळी.

थोरले मालक गेले आणि त्यांचा मुलगा गादीवर आला. ह्याने आल्या आल्या टेबलावर 'संचालक' अशी पितळी पाटी ठेवली, म्हणून सगळे त्याला संचालकच म्हणत. त्यालाही गाडी बाईंनीच शिकवली होती. तो चाचणीत तीनदा नापास झाला होता, आणि हे आठवणारी एक व्यक्ती रोज सकाळी समोर येऊन उभी राहते ह्याचं त्याला दुःख होतं. त्याने ऑफिसची पुढची भिंत पाडून सगळी काच बसवली. आत तो, बाहेर जग, मध्ये काच. गाड्या परत आल्या की नाक काचेकडे करून पिवळ्या पट्ट्यावर लावायच्या, असा त्याचा नियम. का, तर छान दिसतं.

आता मंगळवारची गोष्ट.

सकाळी सव्वादहाला बाई दाताच्या डॉक्टरांचा अकरावा धडा आटोपून परत येत होत्या. डॉक्टर पन्नाशीचे, सज्जन, हात अतिशय हलका. गिअर असा बदलत की जणू गिअरला भूल दिली आहे. गाडी सरळ वळली, हळू झाली, पिवळ्या पट्ट्याशी आली. बाईंनी सवयीने पाय दाबला. गाडी थांबली नाही. बाईंनी दोन्ही पाय दाबले. कुठूनतरी 'च्यूंऽ' असा लांबलचक आवाज आला, मग 'फट्ट' झालं, आणि पेडल त्यांच्या पायासकट आडवं पडलं. गाडी गुरगुरली, दोन पायऱ्या चढली आणि काच फोडून ऑफिसात गेली. संचालक फायलींच्या कपाटावर चढला. कसा चढला हे अजून कोणाला कळलेलं नाही, कारण नंतर त्याला उतरवायला शिडी लागली. गाडी टेबलाला टेकून थांबली. भिंतीवरची 'अपघात शून्य' पाटी निसटून बॉनेटवर पडली. डॉक्टर म्हणाले, "माफ करा हं, दुखलं का?"

दुखलं होतं. बाईंच्या घोट्याजवळचं हाड मोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी संचालक घरी आला. हातात चार सफरचंदं, काखेत फाईल. बाई पलंगावर, प्लास्टरमधला पाय दोन उशांवर.

"बाई, कसं वाटतंय?"

"पाय वेळेवर पडला नाही," बाई म्हणाल्या. रात्रभर त्या हेच घोकत होत्या. "अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा."

"होतं असं. वय होतं." संचालकाने गाल धरला, त्याची दाढ दुखत असावी. त्याने फाईलमधून टाइप केलेला कागद काढला. "ही एक औपचारिकता. विमा कंपनीला द्यायचंय."

कागदावर लिहिलं होतं: माझे लक्ष विचलित झाल्याने मी वेळेवर ब्रेक दाबू शकले नाही. अपघातास मी सर्वस्वी जबाबदार आहे.

"असं लिहिलं की ती माणसाची चूक होते," संचालक समजावून सांगू लागला. "माणसाची चूक पॉलिसीत बसते. काच, टेबल, गाडी, सगळं मिळतं."

"आणि माझ्या शिकवण्याच्या परवान्याचं काय?"

"तो, म्हणजे, जाईल बहुधा. पण मी आहे ना. तुम्हाला अर्ज भरायला बसवतो. तुम्ही तिथूनच सुरुवात केली होती, बाबा सांगायचे."

परवाना गेला म्हणजे त्यांच्या दृष्टीने पुन्हा हातात पिशवी. पण चूक झाली असेल तर झाली, मी लबाडी करणार नाही, असा त्यांचा बाणा. त्यांनी पेन मागितलं.

तेवढ्यात वन्सं आत आल्या. वन्सं म्हणजे बाईंची थोरली नणंद. कामगार कचेरीत एकतीस वर्षं काढून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. तिथले लोक त्यांना मागून 'कलम' म्हणत, कारण त्या साखर मागायलाही कलम लावून मागायच्या.

"कसला कागद आहे?" वन्संनी विचारलं.

"औपचारिकता आहे," संचालक म्हणाला.

"असं का. मग तुम्हीच करा सही."

"मी कशी करणार? बाईंनी करायची आहे."

"म्हणजे औपचारिकता नाही." वन्संनी कागद घेतला, वाचला, घडी घालून आपल्या पर्समध्ये टाकला. "ह्याच्यावर सावकाश विचार करू. माणूस कामावर असताना पाय मोडला, तेव्हा औषधपाणी आणि घरी बसल्या दिवसांचा पगार तुमच्याकडे लागू. चूक कोणाची हे त्यानंतर. गाडी कोणी तपासली?"

"विम्याचा माणूस शुक्रवारी येणार आहे."

"मग आम्ही गुरुवारी बघून येतो."

"गाडी गॅरेजमध्ये आहे. तिथे असं कोणालाही..."

"ज्या यंत्रावर कामगाराला इजा झाली ते यंत्र बघायचा त्याला हक्क आहे," वन्सं म्हणाल्या. हे त्या अशा आवाजात म्हणाल्या की संचालकाने जाताना दोन सफरचंदं परत नेली.

"असा हक्क असतो का हो, वन्सं?" दार लागल्यावर बाईंनी विचारलं.

"नसला तर असायला हवा. आणि त्याला कुठे माहीत आहे?"

गुरुवारी दोघी टॅक्सीने गॅरेजवर गेल्या. बाई कुबड्यांवर, वन्सं बॅटरी घेऊन. टॅक्सीत मागे बसल्यामुळे बाई हिरव्या पडल्या होत्या, त्यामुळे आधी पाच मिनिटं तोंडावर पाणी मारण्यात गेली. गॅरेजचा मिस्त्री त्यांना बघून चहा सांगायला निघाला. तो वास्तविक कोणालाही चहा सांगणारा माणूस नव्हता.

"चहा राहू द्या," वन्सं म्हणाल्या. "ह्या बाजूचं दार उघडा."

वन्सं सत्तरीच्या, पण दुसऱ्याची चूक शोधायची म्हटलं की कमरेतून छान वाकतात. त्या खाली वाकल्या, बॅटरी फिरवली, पायपुसणं उचललं. मग हात घालून काहीतरी ओढून काढलं आणि उजेडात धरलं.

ते एक पिवळं रबरी बदक होतं. लहान मुलांच्या आंघोळीचं. पोट फाटलेलं, चोच शाबूत.

"हे काय आहे?" वन्संनी विचारलं.

मिस्त्रीने बदकाकडे पाहिलं, मग बाईंच्या प्लास्टरकडे, मग आभाळाकडे. "बदक," तो म्हणाला.

"ते दिसतंय. ब्रेकखाली काय करत होतं?"

मिस्त्री उलट्या डब्यावर बसला. त्याला बहुतेक कित्येक दिवसांपासून कोणीतरी विचारायलाच हवं होतं. "बाई, तुमच्या बाजूच्या ब्रेकची तार झिजली होती. नवीन मागवली, पण यायला वेळ लागणार होता. मी म्हटलं गाडी उभी ठेवू. मालक म्हणाले, उभी ठेवून कसं चालेल, तार सोडून वर बांधून ठेव. बाईंना सांगू नको, त्या गाडी बाहेर काढू देणार नाहीत. पण नुसतं पेडल ढिलं पडलं असतं, तुम्हाला लगेच कळलं असतं. म्हणून खाली काहीतरी दाबायला पाहिजे. स्प्रिंग नव्हती. माझ्या मुलीचं बदक होतं. जाड रबर आहे, बघा ना. फक्त शिट्टी काढायची राहून गेली."

"किती दिवस?" बाईंनी विचारलं. आवाज अगदी बारीक.

"झाले असतील वीस-एकवीस."

"एकवीस दिवस मी बदकावर पाय देत होते?"

"मला वाटलं पहिल्या फेरीलाच कळेल तुम्हाला," मिस्त्री म्हणाला. "मी इथे दारातच उभा होतो वाट बघत. तुम्ही संध्याकाळी आलात आणि म्हणालात, आज तिघांना वाचवलं. मग मी काय बोलणार?"

परतीच्या वाटेवर बाईंना मळमळलं नाही. मळमळायलासुद्धा मन ठिकाणावर लागतं. त्या मनातल्या मनात एकवीस दिवस मोजत होत्या. चौथ्या दिवशी सायकलवाला. नवव्या दिवशी बाबागाडी ढकलणारी ती उंच बाई. पंधराव्या दिवशी तर एकदम पाच जण, बँडवाले.

"मग त्यांना वाचवलं कोणी?" त्यांनी वन्संना विचारलं.

"ज्याच्या पायाखाली खरा ब्रेक होता त्याने. दुसरं कोण?"

"बेकरीवाल्याच्या त्या सुनेने? तिला आरसा कुठे असतो ते सांगायला मला आठवडा लागला."

"तिनेच."

घरी आल्यावर बाईंनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे वन्संच्या पर्समधला तो कागद परत मागितला.

"सही करते," त्या म्हणाल्या. "निष्काळजी म्हणाले तर म्हणोत, वन्सं. अठ्ठावीस वर्षांत माणूस एकदा निष्काळजी होऊ शकतो. लोक म्हणतील बिचारी, वय झालं. पण हे बदकाचं जगात कळलं तर मला तोंड दाखवायला जागा राहायची नाही. मी गावभर सांगत फिरले आहे, थांबवणारी मी म्हणून."

"आणि परवाना?"

बाईंनी कागदासाठी हात पुढेच धरून ठेवला.

"अगं, त्या माणसाने तुझ्या पायाखालचा ब्रेक काढून घेतला, तुला सांगितलं नाही, आणि आता म्हणतोय तुझाच पाय चुकला. त्याच्यावर सही करतेस? बावळट दिसायला नको म्हणून?"

"हो."

"मग तू बावळटच आहेस."

"परवानाही राहिला पाहिजे आणि लोक हसलेही नाही पाहिजेत, असं काही कलम नाही का तुमच्याकडे?"

"दोन्ही मिळतात अशी कचेरी मी एकतीस वर्षांत पाहिली नाही," वन्सं म्हणाल्या. "परवाना कचेरीत पुढच्या बुधवारी चौकशी आहे. तोवर ठरव. कागद मी देत नाही."

वन्सं तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी स्कूलमधून रोजची तक्रारवही मागवून घेतली. बाई कुठलीही गोष्ट तोंडी सांगून सोडणाऱ्या नव्हत्या, लिहून ठेवणाऱ्या होत्या. वहीत तीन ठिकाणी त्यांच्याच ठसठशीत अक्षरात सापडलं: 'ब्रेकमधून च्यूं असा आवाज येतो. तेल घालावे.' तिन्हींच्या खाली संचालकाची सही आणि शब्द, 'पाहिले'. दोन ठिकाणी तारीखसुद्धा. वन्संनी ती पानं पुन्हा पुन्हा वाचली. स्वतःच्या लग्नातसुद्धा त्या इतक्या खूश दिसल्या नव्हत्या, असं बाईंच्या नवऱ्याचं म्हणणं.

बुधवारी चौकशीची खोली म्हणजे एक टेबल, एक पाण्याचा जग, आणि अधिकाऱ्यांची खुर्ची सोडली तर पाच माणसांना चार खुर्च्या. चौकशी अधिकारी सर्दीने बेजार. त्यांच्यासमोर चार रुमाल एका ओळीत. बाईंना पायामुळे खुर्ची मिळाली, वन्संनी न विचारता घेतली, विम्याच्या माणसाने आपली बॅग खुर्चीवर ठेवून तिच्याशेजारी उभं राहणं पसंत केलं. चौथ्या खुर्चीवर डॉक्टर अवघडून बसले होते. मिस्त्री गॅरेजमध्ये होता. त्याने लेखी दिलं होतं, सोबत पुरावा म्हणून पिशवीतून बदक. संचालक भिंतीला टेकून गाल धरून उभा.

अधिकाऱ्यांनी वही पाहिली, लेखी जबाब पाहिला, पिशवीत डोकावले आणि शिंकले. "विमा कंपनीचं काय म्हणणं आहे?"

विम्याचा माणूस अतिशय नम्र होता. "साहेब, आमचं म्हणणं सोपं आहे. बाईंकडचा ब्रेक जोडलेला होता असं धरलं, तर बाईंचा निष्काळजीपणा, परवाना जातो आणि क्लेमचे पैसे आम्ही बाईंकडून वसूल करतो. जोडलेला नव्हता असं धरलं, तर गाडी सदोष, क्लेम जातो. आणि एकवीस दिवस बाईंच्या लक्षातच आलं नाही असं धरलं, तर त्या शिकवायला अपात्र, म्हणजे दोन्ही जातं."

"म्हणजे काहीही धरलं तरी तुमचं काही जात नाही."

"पॉलिसीची रचनाच तशी आहे, साहेब," तो अभिमानाने म्हणाला.

"पान नऊ," वन्सं म्हणाल्या.

"काय?"

"तुमच्या पॉलिसीचं पान नऊ. काच आणि टेबल ह्यांचं तुम्ही आणि मालक काय ते बघून घ्या, आम्हाला त्यात रस नाही. पान नऊवर कामगाराच्या इजेचं वेगळं लिहिलंय. मालकाच्या हलगर्जीपणाचा फटका कामगाराला बसू नये म्हणून. वाचा."

विम्याच्या माणसाने पानं उलटली. नऊवर तो बराच वेळ थांबला. "हे पान सहसा कोणी उघडत नाही," तो म्हणाला.

"म्हणूनच ते गुळगुळीत आहे," वन्सं म्हणाल्या.

अधिकाऱ्यांनी तिसरा रुमाल घेतला आणि बाईंकडे वळले. "तुम्ही तीनदा तक्रार लिहिली आहे. म्हणजे ब्रेक जोडलेला नाही असा तुम्हाला संशय होता, असं समजू का?"

बाईंना एका क्षणात सगळं दिसलं. 'हो' म्हटलं की त्या चतुर ठरत होत्या. ब्रेकबाईंना पहिल्या दिवसापासून संशय होता; त्यांना कोण फसवणार? पण 'हो' म्हणजे संशय असताना एकवीस दिवस लोकांना घेऊन रस्त्यावर फिरल्या. आणि मुख्य म्हणजे ते खोटं होतं. शेजारी वन्सं छताकडे बघत होत्या. मदतीला येण्याचं त्यांच्या मनात नव्हतं.

"नाही," बाई म्हणाल्या. "संशय वगैरे काही नव्हता. ब्रेक उत्तम लागतोय असंच मला वाटत होतं. आवाज तेवढा आवडला नव्हता."

"एकवीस दिवस?"

"रोज वीस-पंचवीस वेळा दाबला असेल. प्रत्येक वेळी गाडी थांबली. मी कशाला शंका घेऊ?"

"पाहा," विम्याचा माणूस म्हणाला. "स्वतःच कबूल करतायत. हिशेब केला तर चारशे-पाचशे वेळा ह्यांनी ब्रेक लावला नाही आणि ह्यांना कळलं नाही."

"मी एक बोलू का?" डॉक्टरांनी विचारलं. दाताच्या डॉक्टरला तोंड मिटलेल्या माणसांशी बोलायची सवय नसते, समोरच्याचं तोंड उघडं असताना तोच बोलतो आणि उत्तर येत नाही. त्यामुळे सगळे गप्प आहेत हे बघून ते जरा दचकले. "साहेब, गाडी आम्ही थांबवायचो. बाईंच्या गुडघ्याकडे बघून. त्यांचा गुडघा हलला की आपला ब्रेक दाबायचा. मी तसंच करतो. बेकरीवाल्यांची सूनही तसंच करते, मी विचारलं तिला. बाईंचा गुडघा आमच्या आधी चार सेकंद सगळं बघतो. आठ-दहा दिवसांनी गुडघा न बघताही आपोआप पाय जातो. बाईंनी शिकवलंय ते हेच. त्यांना वाटतं त्या थांबवतात. पण अहो, आम्हाला थांबायला येतं."

ही स्तुती आहे की अपमान, हे बाईंना ठरवता येईना.

"मग त्या दिवशी तुम्ही का थांबला नाहीत?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

डॉक्टरांचे कान लाल झाले. "त्या दिवशी मी गुडघ्याकडे बघत नव्हतो. काचेच्या आत संचालक उभे होते. तोंड मोठं उघडून, मागच्या दाढेकडे बोट दाखवत. फुकटात सल्ला पाहिजे असावा. साहेब, आमचं दात कोरायचं यंत्र पायाने चालतं. पाय दाबला की फिरतं. पंचवीस वर्षं मी रोज तेच करतो: समोर उघडं तोंड आलं की पुढे वाकायचं आणि उजवा पाय दाबायचा. त्या दिवशी उजव्या पायाखाली अॅक्सिलरेटर होता."

"असं कुठे असतं?" संचालक भिंतीवरून म्हणाला.

"उघडा तोंड," अधिकारी म्हणाले.

"माझं?"

"दुखरी दाढ तुमचीच ना? उघडा. चौकशी आहे."

संचालकाने तोंड उघडलं, सवयीने बोटही नेलं. डॉक्टर त्याच्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर एकदम एक प्रकारची माया आली, ते पुढे वाकले आणि त्यांचा उजवा पाय टेबलाच्या पायावर पडला. टेबल वीतभर पुढे सरकलं. जग अधिकाऱ्यांच्या मांडीवर आडवा झाला. चारही रुमाल भिजले.

"क्षमा करा," डॉक्टर म्हणाले. "पण ती दाढ काढावीच लागेल."

अधिकाऱ्यांनी ओल्या रुमालानेच नाक पुसलं आणि निकाल सांगायला सुरुवात केली, बहुतेक लवकर घरी जाऊन कपडे बदलायचे म्हणून. ब्रेकची तार सोडायला लावणं, ते लपवून ठेवणं, तीन तक्रारी 'पाहिले' म्हणून सोडून देणं, हा मालकाचा हलगर्जीपणा. बाईंच्या पायाचा सगळा खर्च आणि बसल्या दिवसांचा पगार पान नऊप्रमाणे. काचेचं मालकाने आपलं आपण बघावं. परवाना कायम. गाडी सुरू करण्यापूर्वी शिकवणाऱ्याचा ब्रेक रोज तपासावा, अशी सर्व स्कूलांना सूचना.

संचालकाने तोंड अजून उघडंच ठेवलं होतं. आता मात्र ते दाढेमुळे नव्हतं.

कारकुनाने आदेश टाइप करून आणला. बाईंनी चष्मा लावून तो ओळ न् ओळ वाचला. पहिल्या पानाच्या मधोमध लिहिलं होतं: 'सदर प्रशिक्षिका एकवीस दिवस ब्रेक समजून रबरी बदकावर पाय देत होत्या. ही बाब त्यांच्या लक्षात आली नाही.'

"साहेब," त्या म्हणाल्या, "इथे 'रबरी वस्तू' असं करता येणार नाही का?"

"वस्तू लिहिलं की वरची कचेरी पत्र पाठवून विचारते, कोणती वस्तू. मग दोन महिने जातात, आणि शेवटी बदकच लिहावं लागतं."

"मग 'लक्षात आली नाही' एवढं तरी?"

"लक्षात आली होती असं लिहू?"

बाईंनी पुन्हा एकदा ती ओळ वाचली. वन्सं अजूनही छताकडेच बघत होत्या, पण त्यांचे खांदे हलत होते. दारातला शिपाई भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि त्याचेही हलत होते. बाईंनी पेन घेतलं आणि पूर्ण नाव, आडनावासकट, खाली रेघ मारून सही केली.

गोष्ट त्यांच्या आधी चौकात पोचली. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं आणि त्या कामावर रुजू झाल्या, तोपर्यंत त्यांचं जुनं नाव गावाने मोडीत काढून नवीन दिलं होतं. पोस्टमन आता जवळ येऊन पत्र देतो. म्हणतो, "बदकबाई, आता काय घाबरायचं?" पहिले काही दिवस त्यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. मग ते जमेना, कारण लोकांच्या तोंडी बदक वाढायला लागलं. कोणी म्हणे तीन बदकं होती, कोणी म्हणे बदक खरंच होतं, जिवंत. बेकरीवाल्याच्या दुकानात तर एकाने सांगितलं की बाईंनी त्याला एकवीस दिवस खायलाही घातलं.

तेव्हा बाईंनी ठरवलं की सांगायचं तर नीट सांगावं. आता नवीन माणूस गाडीत बसला की त्या आधी त्याला खाली वाकून तार जोडली आहे का ते बघायला लावतात. का, असं त्याने विचारलं की स्वतःच सांगतात: एकच होतं, रबरी होतं, आणि गाडी तरीही चारशे-पाचशे वेळा थांबली, कारण शिकवलं मी होतं. हसून झालं असेल तर चावी फिरवा.